रिकाम्या गोठ्यातला धूर

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, आणि ते जाऊ नये याची सोय माझ्या मुलीने इथे घर घेऊन करून ठेवली आहे. नीउ-व्हेनेप या डच गावात तिच्या घरापासून थोडं चाललं की बांध लागतो. बांधाच्या एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला रान आणि पलीकडे आमची वसाहत, आणि कालव्याचं पाणी आमच्या अंगणापेक्षा उंच. आल्या आल्या मी जावयाला विचारलं, "हे फुटलं तर?" तो सायकलला कुलूप लावत म्हणाला, "नाही फुटत हो बाबा. खेमेंते बघते सगळं." खेमेंते म्हणजे इथली नगरपालिका. पण पोलिसाच्या मनाला असल्या उत्तराने समाधान होत नाही. रोज सकाळी गुडघे कुरकुरत असताना मी त्या बांधावर चालतो आणि आफ्रिकेतला एक फुटका बांध आठवतो.

नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना मी आंतरराष्ट्रीय शांतता मोहिमेवर गेलो. बायको वारली होती, मुलगी लग्न होऊन इकडे आली होती, आणि रिकाम्या घरात राहण्यापेक्षा परका मुलूख बरा असं वाटलं. माझी सगळी नोकरी पाटाच्या पाण्याच्या भागात गेलेली. तिथे खून-दरोडे कमी आणि 'काल कुणीतरी पाट फोडला' ही तक्रार जास्त. अशा फुटलेल्या पाटांचे मी इतके पंचनामे केले की निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाऐवजी मला फावडं द्यायला हवं होतं. ज्या जिल्ह्यात मला नेमलं त्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही नावं सांगणार नाही. ती माणसं अजून तिथे आहेत, आणि या प्रकरणात नावाचीच तर सगळी किंमत होती.

जिल्हा म्हणजे नजर जाईल तिथवर सपाट काळी माती. आपल्या काळ्या रानासारखीच, उन्हात भेगाळणारी आणि ओली झाली की बुटाला चिकटून पाय जड करणारी. फरक एवढाच की तिथे दगड नाही. टेकडी नाही, खडक नाही, चुलीला तीन दगड मांडायचे म्हटलं तर तेही नाहीत. बायका मातीचे गोळे भाजून त्यावर भांडं ठेवतात. विमानाच्या धावपट्टीसाठी मुरूम लागला तो दुसऱ्या प्रांतातून आणलेला, आणि पोरं त्यातले खडे खेळायला उचलून न्यायची. पश्चिमेला मोठी नदी आहे, पण तिला काठ म्हणून नाही. पावसाळ्यात ती पसरते आणि सगळीकडे दलदल होते. उन्हाळ्यात मागे सरते तेव्हा हिरवंगार गवत सोडून जाते, आणि त्या गवतावर सगळा जिल्हा जगतो.

माणसं उंच, काटक आणि बोलायला तिखट. पावसाळ्यात उंचवट्यावरच्या वस्तीत राहायचं, घराभोवती ज्वारी पेरायची, आणि उन्हाळा लागला की गुरं घेऊन नदीकडच्या गवतात छावणी टाकायची, असं त्यांचं वर्ष. ज्वारीची ताटं पाहून पहिल्या दिवशी मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण ज्वारी पोटापुरती. खरा व्यवहार गुरांचा. लग्न गायी देऊन होतं, भांडण गायी देऊन मिटतं, खुनाची भरपाईसुद्धा गायींत. मुलगा वयात आला की बाप त्याला एक बैल देतो आणि पुढे जन्मभर त्या बैलाच्या रंगावरून त्याला हाक मारतात. बाजार म्हणजे पत्र्याच्या काही टपऱ्या, शेजारच्या देशातले व्यापारी, मीठ, साखर, साबण, आणि विमानातून उतरणारी मदतीची पोती. पाण्यात मासे भरपूर, पण त्यात एक मेख होती. उन्हाळ्यात डबकी आटताना सगळी वस्ती भाले घेऊन पाण्यात उतरते, तो उत्सव असतो. त्यात मुखियाही उतरतो. रोज टोपली लावून मासे धरणं मात्र ज्याच्याकडे गुरं नाहीत त्याचंच काम. अशा माणसाला त्यांच्या भाषेत एक शब्द आहे. आमच्या दुभाष्याने तो मला कानात सांगितला आणि वर बजावलं, "साहेब, हा कुणासमोर बोलू नका."

मी गेलो त्याच्या आधीपासून नदी मागे सरायची थांबली होती. एका पावसाळ्याचं पाणी आटायच्या आत दुसऱ्याचं येऊन त्यावर बसायचं. गवत कुजलं, गुरांचे खूर सडले, ज्वारीचं रान पाण्याखाली गेलं. लोकांनी वस्तीभोवती हातांनी मातीचा बांध घातला. बायका डोक्यावरून चिखल वाहायच्या आणि पुरुष तो थापायचे. आमच्या तुकडीत एक डच बाई होत्या, पोलीस अधिकारीच, एक घाव दोन तुकडे असं बोलणाऱ्या. बांध बघून त्या म्हणाल्या, "माझं गाव समुद्राच्या पातळीखाली आहे. बांध कसा असतो ते मला माहीत आहे. याला रोज माती घालावी लागेल, आणि रोज कुणीतरी विसरेल." बांधाच्या आत दोन कुळं राहत होती, बाजाराकडचं आणि वरच्या अंगाचं. दोघांत पिढ्यांचं वैर होतं. एका बांधाआड राहायचं म्हणून तेवढ्यापुरता समेट झालेला.

एका सकाळी बाजाराकडचा बांध फुटला. आम्ही पोहोचेपर्यंत खालची घरं बसली होती, साठवलेली ज्वारी आणि मदतीची पोती भिजून गेली होती, आणि माणसं लेकरं खांद्यावर घेऊन धावपट्टीकडे निघाली होती. जीव कुणाचा गेला नाही, हे नशीब. सगळी वस्ती चिखलात उभी राहून ते भगदाड बुजवत होती तेव्हा चहा विकणारी एक बाई स्थानिक ठाणेदाराच्या कानाला लागली. पहाटे चहाचं पाणी भरायला गेले तेव्हा वरच्या अंगाचा एक माणूस कुदळ घेऊन बांधावरून येताना पाहिला, म्हणाली. बांधावर कुदळ घेऊन जायचं काम सगळ्यांनाच असतं, पण पहाटे आणि एकट्याने नाही. ठाणेदाराने त्याला घरून उचलला.

त्याला आपण कबरा म्हणू. त्याच्या बैलाचा रंग कबरा होता, तेव्हा तिथल्या रीतीने हे जवळपास त्याचंच नाव झालं. पन्नाशीचा, कपाळावर कुळाच्या खुणा कोरलेल्या, वस्तीत शब्दाला वजन असलेला माणूस. आमच्याकडे बेडी घालायचा अधिकार नव्हता; स्थानिक पोलिसांना सल्ला द्यायचा आणि मारहाण होत नाही ना ते बघायचं, एवढंच काम. मी आणि डच बाई कोठडीत जाऊन बसलो. ठाणेदाराने पहिला प्रश्न विचारला आणि कबऱ्याने पहिल्याच प्रश्नाला उत्तर दिलं.

"हो, मीच फोडला. बाजारवाल्यांची घरं बुडावीत म्हणून फोडला."

ठाणेदार खूश झाला. माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, तुमच्या देशात केस इतक्या लवकर उकलते का?"

"नाही," मी म्हणालो, "म्हणून तर काळजी वाटते."

चाळीस वर्षांत नसेल, पण पस्तीसेक वर्षांत मी एवढं नक्की शिकलो होतो की आरोपी आधी नाकारतो, मग रडतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो आणि सगळ्यात शेवटी कबूल होतो. जो आल्या आल्या कबूल होतो त्याला तुम्हाला लवकर घरी पाठवायचं असतं. पण हे कुणाला समजावणार? बाहेर बाजाराकडची पोरं रायफली घेऊन जमली होती. ठाण्याची भिंत बांबूची, आतले शिपाई मूठभर, आणि मोठ्या कोर्टाकडे न्यायचं तर हेलिकॉप्टर हवामान उघडेपर्यंत येणार नव्हतं. पोरांचं म्हणणं सरळ होतं: कबुली दिली आहे, माणूस आमच्या ताब्यात द्या. वरच्या अंगाची माणसंही घरात रायफली पुसत बसली आहेत, अशी बातमी होती. कबऱ्याला ओढून मारला असता तर दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती एकमेकांवर तुटून पडली असती, आणि चहूबाजूंनी पाणी असल्यामुळे पळायला कुणालाच जागा नव्हती.

मी डच बाईंना म्हटलं, चला, जागा बघून येऊ. भगदाड अर्धं बुजलं होतं, पण कडा शाबूत होत्या. पाट फोडणारा माणूस घाईत असतो. तो फावड्याने सरळ काप घेतो आणि ढेकळं कोरड्या अंगाला फेकतो. ती ढेकळं पाणी गेल्यावरही मागे पडलेली सापडतात. इथे एकही ढेकूळ नव्हतं. कडा आतून पोखरल्यासारख्या होत्या, म्हणजे लहानशा वाटेने पाणी वाहू लागलं आणि त्याने हळूहळू वाट खाल्ली. डच बाई गुडघाभर चिखलात उतरून चाचपडल्या आणि खालून दोन मेखा काढल्या. शेजारी शेजारी ठोकलेल्या, त्यांना गवताची दोरी, आणि दोरीला बोरूच्या काटक्यांचा एक तुटका तुकडा. माझ्या आजोळी ओढ्यावर पावसाळ्यात भोई मंडळी बांधाच्या तोंडाशी असंच करायची. बारीक वाट ठेवायची, तिच्या तोंडाशी लांबट टोपली अडकवायची, आणि पाण्याबरोबर येणारा मासा आपोआप आत.

"कुणीतरी मासे धरत होतं," मी म्हणालो.

"मग त्याने तसं सांगावं," डच बाई म्हणाल्या. "बांध मुद्दाम फोडला म्हटलं तर मरण आहे. मासे धरताना फुटला म्हटलं तर फार तर भरपाई. माणूस वेडा आहे का?"

दुभाषा आमच्या मागे उभा होता. तो एरवी फार बोलायचा, पण तेव्हा मेखांकडे बघून गप्प राहिला.

आम्ही कबऱ्याच्या घरी गेलो. तिथे घरं लहान आणि गोठा मोठा असतो, गवताने शाकारलेला, उंच टोपीसारखा. कबऱ्याच्या गोठ्यातून शेणाच्या धुनीचा धूर निघत होता. वस्तीत विचारलं होतं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं की त्याची गुरं दूर उंचवट्यावरच्या छावणीत आहेत, आजारी तेवढी गोठ्यात ठेवली आहेत, म्हणून माश्या-डास हाकलायला धुनी पेटलेली. मी दारातून आत डोकं घातलं आणि थांबलो. माझं बालपण गोठ्यात गेलेलं आहे. गोठ्यात धूर होता पण ओल्या शेणाचा वास नव्हता. माशी नव्हती. खुंटे होते, पण त्यांच्या भोवतीची जमीन तुडवलेली नव्हती, खुंट्यांवर कोळ्याने जाळं केलं होतं. वर बघितलं तर आढ्यापासून खाली दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांवर मासे, चिरून, ओळीने, धुरात वाळत घातलेले.

कबऱ्याची बायको मागून आली. तिने आरडाओरडा केला नाही. धुनीपाशी बसली आणि तिने त्यात एक जुनी गोवरी घातली.

"सगळी गेली," ती दुभाष्यामार्फत म्हणाली. "छावणीतच गेली. कबरा बैल सगळ्यात शेवटी. धुनी मी विझू दिली नाही."

मी तिला म्हटलं, बाई, नवऱ्याने खोटी कबुली दिली आहे. खरं सांगितलं तर तो वाचेल.

"मला कळतं ते," ती म्हणाली. "थोरल्याचं लग्न ठरलं आहे. मुलीकडचे गायींची वाट बघतात. शत्रूचा बांध फोडून मेलेल्याच्या पोराला मुलगी मिळते, त्याचे भाऊबंद गायी गोळा करून देतात. टोपली लावणाऱ्याच्या पोराला कोण देईल? तो मला म्हणाला, मी गेलो तर नाव राहील."

मी त्या गोठ्यात उभा होतो आणि मला धड रागही येईना. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण किती सहज म्हणतो. इथे एक माणूस मूठ झाकलेली राहावी म्हणून गोळी खायला तयार होता, आणि ज्या जगात तो राहत होता तिथे त्याचा हिशेब चुकीचाही नव्हता. खरं सांगतो, त्या क्षणी मला सगळं सोडून घरी यावंसं वाटलं. पण घरी होतं कोण?

मी ठाण्यात परतलो. ठाणेदाराला म्हटलं, मला त्याच्याशी एकट्याने बोलू द्या, फक्त दुभाषा असू द्या. उजेड होता, बाहेर पोरांचा गलका चालू होता. मी कबऱ्यासमोर जमिनीवर बसलो. मेखा आणि दोरी त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मी तुझ्या गोठ्यात जाऊन आलो," मी म्हणालो.

दुभाष्याने ते सांगितलं आणि कबऱ्याने डोळे मिटून घेतले. आता समजावण्यात अर्थ नव्हता. जीव महत्त्वाचा, नाव काय, हे सगळे आपण तिऱ्हाइताला सांगायचे उपदेश. मग मी असं काही बोललो जे आधी कधी कुणाशी बोललो नव्हतो, बायकोशीही नाही.

"माझ्या बापाचा एक डोळा पांढरा होता," मी म्हणालो. "गावाला आणि आम्हा पोरांना त्याने सांगितलं की बैलाचं शिंग लागलं. तसं काही नव्हतं. दुष्काळ होता. आमची विहीर आटली, बैल गेले. आमचं घर गावात मानाचं, लग्नात बापाला पहिल्या पंगतीत बसवायचे. तो घरी म्हणाला, चाऱ्याची सोय करायला पाहुण्यांकडे जातो. आणि दुसऱ्या तालुक्यात जाऊन, खोटं नाव सांगून, पटक्याचं टोक तोंडावर ओढून दुष्काळी कामावर दगड फोडत बसला. एक कपची उडाली आणि डोळ्यात गेली."

दुभाषा अडला. "साहेब, दगड फोडणं म्हणजे? कशाला फोडायचे?"

त्या जिल्ह्यात दगडच नाही, हे मी विसरलो होतो. दुभाषा उठून बाहेर गेला आणि धावपट्टीवरचा मुरमाचा एक खडा घेऊन आला. मी म्हटलं, "बैलाच्या डोक्याएवढा असतो, तो घणाने फोडून एवढाएवढा करायचा, रस्त्यावर टाकायला." कबऱ्याने खडा हातात घेतला, बोटांनी फिरवून बघितला.

"आणि काय द्यायचे?" त्याने पहिल्यांदाच मला काही विचारलं.

"मजुरी. तिच्यातून ज्वारी घ्यायची. लाल. बाहेरच्या देशातून आलेली."

"पोत्यांतली?"

"पोत्यांतलीच."

त्याच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. मी पुढे सांगितलं. त्या खाणीवर आमच्याच गावचा आणखी एक मोठा शेतकरी होता, त्यानेही तोंडावर पटका ओढलेला. दोघांनी एकमेकांना ओळखलं. दोघे शेजारी बसून सगळा उन्हाळा दगड फोडत राहिले आणि बोलले नाहीत. नंतर गावात रोज एकमेकांना रामराम घालायचे, पण हा विषय मरेपर्यंत कुणी काढला नाही. मला कसं कळलं? मला आईने सांगितलं, बाप गेल्यावर, आणि लगेच म्हणाली, कुठे बोलायचं नाही.

"मग तू आज का बोललास?" कबऱ्याने विचारलं.

मला सुचेल तसं मी उत्तर दिलं. "कारण माझा बाप तोंड झाकून का होईना, जिवंत घरी आला. आम्हाला त्याचं नाव नको होतं रे, तो हवा होता. पांढऱ्या डोळ्याचा का असेना."

 दुभाषा माझं वाक्य सांगून झालं तरी बोलतच राहिला, त्यांच्या भाषेत, खाली मान घालून. कबरा त्याच्याकडे टक लावून ऐकत होता. मी विचारलं, काय सांगतोयस तू त्याला?

"माझी आईपण टोपली लावते, साहेब," तो म्हणाला. "पलीकडे लव्हाळ्यात, कुणाला दिसणार नाही अशी. आमची गुरंही राहिलेली नाहीत. मी ते सांगितलं."

 मग कबऱ्याने खडा खाली ठेवला आणि मेखा उचलल्या.

कोरडी जागा फक्त धावपट्टीची, म्हणून दोन्ही कुळांची बैठक तिथेच बसली. मुखिये खुर्च्यांवर, म्हातारे जमिनीवर, पोरं रायफली मांडीवर घेऊन. कबरा मधे उभा राहिला. त्याने मेखा सगळ्यांना दिसतील अशा पुढे टाकल्या आणि सांगितलं की माझी गुरं मेली आहेत, मी पोरांना मासे खाऊ घालतो, बांधाला वाट पाडली ती टोपलीसाठी, पाण्याने ती मोठी केली, मला पहाटे ती बुजवता आली नाही. शेवटी त्याने तो शब्द स्वतःसाठी वापरला, जो मी कुणासमोर बोलू नये असं दुभाषा म्हणाला होता.

 बाजाराकडचा एक पोरगा हसला. त्याच्यामागून दुसरा. मग ती सगळी बाजू हसायला लागली, मांड्यांवर थापा मारून, एकमेकांना तो शब्द सांगून. ज्या पोरांनी सकाळी माणूस मागितला होता ती रायफली खांद्याला लावून हसत हसत निघून गेली. ज्याला हसलो त्याला गोळी घालायची नसते, एवढं त्यांचंही ठरलेलं होतं. कबरा ते हसू संपेपर्यंत ताठ उभा राहिला. मला तिकडे बघवेना. डच बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्या सगळा वेळ बघत राहिल्या आणि नंतर गाडीत बसल्यावर रडल्या.

भरपाई म्हणून त्याने बांधावर माती घालायची असं ठरलं. ती त्याने घातली. मुलीकडच्यांनी निरोप पाठवून लग्न मोडलं. मग एके दिवशी त्याने कुटुंबासकट वस्ती सोडली. लाकडाच्या होडीत भांडी, गवताच्या चटया आणि उघड्यावर ठेवलेल्या चार टोपल्या. मी निरोप द्यायला गेलो. आभार मानेल अशी अपेक्षा नव्हती, आणि त्याने मानलेही नाहीत.

तो म्हणाला, "मी सगळ्यांपुढे बोललो. तू तुझ्या बापाचं फक्त माझ्यापुढे बोललास, आणि मी तुझी भाषा जाणत नाही, तुझं गाव जाणत नाही. घरी गेलास की सांगशील?"

मी हो म्हणालो. त्याने मान हलवली आणि वल्हं मारलं.

तपासाची टिपणं लिहिताना मी लिहिलं की गुन्हा घडलेला नाही, अपघात आहे, आरोपी मुक्त. कागदावर एवढंच असतं. या केसने मला काय शिकवलं, असं लोक पुढे पोलीस प्रशिक्षणातल्या माझ्या भाषणांनंतर विचारायचे. मी सांगायचो, कबुलीवर विश्वास ठेवू नका, जागेवर जाऊन बघा. ते खरंच आहे, पण ते मला आधीही माहीत होतं. जे नवीन कळलं ते सांगायला जड जायचं. माणूस फासाला भितो त्यापेक्षा ओळखीच्या माणसांच्या हसण्याला जास्त भितो, आणि पोलीसही त्याला अपवाद नाही. मी घरी आलो, निवृत्त झालो, इकडे मुलीकडे येऊन राहिलो, आणि कबऱ्याला दिलेला शब्द तसाच ठेवून बसलो.

या वर्षी नातीला शाळेत घराण्याचा वंशवृक्ष काढून आणायला सांगितला. तिला मराठी कळतं, पण उत्तर डचमध्ये नाहीतर इंग्रजीत येतं. जेवणाच्या टेबलावर तिने फोटो मांडले आणि माझ्या वडिलांच्या फोटोवर बोट ठेवलं.

"आबा, व्हाय इज वन आय व्हाइट?"

स्वयंपाकघरातून माझी मुलगी सवयीने म्हणाली, "बैलाचं शिंग लागलं होतं गं पणजोबांना."

"नाही," मी म्हणालो. "दगडाची कपची उडाली होती. ते दुष्काळात दगड फोडायला जायचे. लपून, तोंड झाकून जायचे. बैलाचं खोटं आहे."

मुलगी ओले हात घेऊन दारात आली. "बाबा, तुम्ही मला इतकी वर्षं शिंग सांगत आलात!"

"हो. तुझ्या आईलाही तेच सांगितलं होतं."

ती खुर्ची ओढून शेजारी बसली आणि फोटो हातात घेतला. नातीला यात काही विशेष वाटलं नाही. "ओके," ती म्हणाली, "विथ अ हॅमर?" मी म्हटलं, हो, घण म्हणतात त्याला. तिने पणजोबांच्या नावाशेजारी एक मोठा घण काढला, त्यात काळा रंग भरला, आणि खाली डचमध्ये काहीतरी लिहिलं.

परवा शाळेत पालकांना आणि आजीआजोबांना बोलावलं होतं. सगळे वंशवृक्ष वर्गाच्या भिंतीवर लावलेले होते. आमच्या ओळखीची दोन-तीन मराठी कुटुंबंही होती, त्यातले एक पुण्याचे काका माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि चष्मा वर करून आमचा कागद बघू लागले. "हा हातोडा कसला हो साहेब?" त्यांनी विचारलं. हात आपोआप तोंडाकडे गेला, उगाच, जणू तिथे पटक्याचं टोक होतं. मग मी हात खाली घेतला.

"हे माझे वडील," मी म्हणालो. "दुष्काळात दगड फोडायचे. डोळा त्यातच गेला. बैलाने काही केलं नव्हतं."